एक टक्का कोणाचा?

ए.बी.एस. म्हटलं की आपल्या कॉलेजातल्या निम्म्या पब्लिकला गाडीचे ब्रेक आठवतात. ऑटोमोबाइलवाल्यांना तर दुसरं काही आठवणं शक्यच नाही. पण पर्यावरणाच्या पेपरात ‘टिपा लिहा, कोणत्याही तीन’ या प्रश्नात एक वेगळंच ए.बी.एस. असतं : ऍक्सेस अँड बेनिफिट शेअरिंग. मराठीत ‘जनुकीय संसाधनांची उपलब्धता व लाभांचे न्याय्य वाटप’. नाव वाचूनच माणूस पुढच्या टिपेकडे वळतो! मी सबमिशनच्या निमित्ताने त्यात शिरलो आणि मग महिनाभर त्याच्यातच राहिलो. ते वाचलेलं इथे मांडतो.

आधी साध्या भाषेत. एखाद्या झाडात, बियाण्यात, बुरशीत किंवा जिवाणूत असा काही गुण असतो की त्यातून औषध, नवं वाण, एन्झाइम किंवा चेहऱ्याला लावायचं क्रीम बनतं. ती वस्तू कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी गावाच्या रानात असते आणि पुष्कळदा तिचा उपयोग तिथल्या माणसांना आधीपासून ठाऊक असतो. पूर्वीचा रिवाज असा होता की जीवसृष्टी म्हणजे अख्ख्या मानवजातीचा वारसा, ज्याला सापडेल त्याने खुशाल न्यावं. त्यातून बनवलेल्या मालावर पेटंट मात्र त्याचं एकट्याचं! १९९२ मध्ये रिओच्या परिषदेत जैवविविधता करार झाला आणि हे बदललं. संसाधनांवर त्या त्या देशाचा सार्वभौम हक्क. न्यायचं तर आधी विचारायचं, म्हणजे पूर्वसंमती. अटी दोघांनी मिळून ठरवायच्या. आणि जो फायदा होईल तो वाटून घ्यायचा. करार डिसेंबर १९९३ पासून लागू झाला, भारत १९९४ मध्ये त्यात सामील झाला.

एवढं लिहिलं की पाचपैकी साडेतीन मार्क पडतात. उरलेला दीड मार्क जिथे अडकतो ते केरळातल्या एका झुडपाच्या गोष्टीवरून नीट कळतं.

आपल्याच सह्याद्रीचं दक्षिण टोक म्हणजे अगस्त्यमलाई. तिरुवनंतपुरमच्या बाजूला या डोंगरात काणी नावाची आदिवासी जमात राहते. (आपल्याकडे ज्वारीच्या कणसावर पडते त्या काणीशी काही संबंध नाही!) काणिक्कार या नावाचा एक अर्थ ‘जमिनीचा वंशपरंपरागत हक्कदार’ असा सांगतात. हा अर्थ लक्षात ठेवा, पुढे लागेल. तर १९८७ च्या डिसेंबरात डॉ. पी. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांची एक तुकडी त्या जंगलात फिरत होती. बरोबर काणी वाटाडे. चढ असा की शास्त्रज्ञ मंडळी पार थकून गेलेली, आणि वाटाडे मात्र ताजेतवाने. मधूनमधून ते कसलीशी छोटी फळं तोंडात टाकत होते. शास्त्रज्ञांनी विचारलं, हे काय? वाटाड्यांनी सुरुवातीला सांगायचं टाळलं. हे ज्ञान जमातीचं, बाहेरच्याला सांगायचं नसतं. शास्त्रज्ञांनी गैरवापर होणार नाही असा भरवसा दिल्यावर त्यांनी झाड दाखवलं.

झाडाचं नाव आरोग्यपच्च. ‘पच्च’ म्हणजे मल्याळममध्ये हिरवं, तर आरोग्य देणारी हिरवाई असं समजा. शास्त्रीय नाव ट्रायकोपस झेलॅनिकस. प्रयोगशाळेत तपासण्या झाल्या. थकवा घालवणारे आणि प्रतिकारशक्ती वाढवणारे गुण दिसले. पुढे पालोडच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान संस्थेत या वनस्पतीबरोबर अश्वगंधा, पिंपळी वगैरे घालून एक औषध तयार झालं, त्याचं नाव ‘जीवनी’. गंमत बघा, काणी लोक फळ खात होते, औषधात मात्र पानं वापरली. पानं खुडली तरी झुडूप मरत नाही, पुन्हा फुटतं.

१९९५-९६ मध्ये संस्थेने हे तंत्रज्ञान कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांसाठी दिलं. लायसन्स फी १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के रॉयल्टी. आणि संस्थेने ठरवलं की जे मिळेल त्यातलं निम्मं काणींचं. त्या वेळी आपल्या देशात याबद्दल एकही कायदा नव्हता. कोणी नोटीस काढली नव्हती, कोर्टाने सांगितलं नव्हतं. तरी दिलं. जगातल्या अगदी सुरुवातीच्या लाभवाटपांपैकी हे एक, म्हणून परदेशातल्या परिषदांत त्याचे दाखले दिले गेले. मला विचाराल तर कौतुक योग्यच होतं.

आता आपण इंजिनिअर लोक, तेव्हा कॅल्क्युलेटर काढू. २ टक्क्यांचा निम्मा म्हणजे १ टक्का. शंभर रुपयांची बाटली विकली की जमातीला एक रुपया. पैसे द्यायचे तर घेणारा कोणी कायदेशीर हवा, म्हणून १९९७ मध्ये काणींचा एक ट्रस्ट नोंदवला गेला आणि १९९९ मध्ये त्याच्या खात्यावर सुमारे ५ लाख १९ हजार रुपये जमा झाले. ढोबळमानाने जमात १६ हजारांची धरली तर माणशी ३२ रुपये. आपल्या मेसमध्ये एका गेस्टचं ताट तेवढ्यात येत नाही.

पण आकडा लहान आहे ही खरी अडचण नव्हती. औषध खूप खपलं असतं तर आकडा वाढला असता. अडचणी निराळ्याच होत्या, आणि त्या करारपत्र लिहिताना कोणाच्या डोक्यात आल्या नव्हत्या किंवा आल्या तरी कागदावर उतरल्या नाहीत.

पहिली अडचण, काणी म्हणजे कोण? ज्यांनी झाड दाखवलं ते एका भागातले. जमात मात्र वेगवेगळ्या पंचायतींमधल्या कितीतरी वस्त्यांवर पसरलेली. कुट्टिचल भागातल्या लोकांचा या व्यवहाराला पाठिंबा होता, तर इतर पंचायतींमधल्या पुष्कळांना आपल्याला कोणी विचारलंच नाही असं वाटत होतं. त्यातही जमातीत प्लाथी म्हणून पारंपरिक वैद्य असतात. त्यांचं म्हणणं असं की औषधांचं ज्ञान ही आमची जबाबदारी, आणि ते परस्पर विकलं गेलं. १९९५ मध्ये काही प्लाथींनी थेट मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून आक्षेप घेतला. म्हणजे संमती घेतली होती की नव्हती? घेतली होती. कोणाची, एवढाच प्रश्न. होस्टेलवर राहणाऱ्याला हे लगेच कळेल. मेस कमिटीचे दोन मेंबर सही करून येतात आणि रविवारची फीस्ट बंद होते. दोनशे पोरं म्हणतात आम्हाला कोणी विचारलं? तिथे निदान पुढच्या वर्षी कमिटी बदलता येते.

दुसरी अडचण पानांची. कारखान्याला पानं नियमित हवीत. आरोग्यपच्च दुसरीकडे नेऊन लावलं तर ते गुण तसे उतरत नाहीत असं दिसलं. म्हणजे लागवड त्याच डोंगरात करायची. काही काणी कुटुंबांनी सरकारी योजनेतून ती केलीही. पण डोंगर म्हणजे राखीव जंगल, आणि राखीव जंगल म्हणजे वनखातं. वनखात्याने आक्षेप घेतला, रोपं जप्त झाली, पानं गौण वनोपज म्हणून विकायला परवानगी मिळेना. नावातच जमिनीचा हक्क असलेल्या माणसांना त्याच जमिनीवरचं पान तोडायची मुभा नाही! खातं आपल्या जागी बरोबर असेलही, दुर्मिळ वनस्पती ओरबाडली जाईल ही भीती खरी होती. पण ज्ञानाचा वाटा एका खात्याने द्यायचा आणि मालाची वाट दुसऱ्याने अडवायची, तर रॉयल्टी कशाची मोजणार? पुरवठा अपुरा पडला आणि उत्पादन कधी मोठं झालंच नाही. केमिकलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर रिऍक्टर तयार, पण फीड लाइनचा व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या ताब्यात.

तिसरी, कागदांची. औषध बनवण्याच्या प्रक्रियेच्या पेटंट अर्जात अर्जदार संस्था, काणींचं नाव नाही. आणि ‘जीवनी’ हे नाव पुढे अमेरिकेतल्या एका कंपनीने तिथे ट्रेडमार्क म्हणून नोंदवून टाकलं.

इथे कोणी म्हणेल, मग आपल्या हळदीचं काय? ती केस तर आपण जिंकलो. बरोबर. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याबद्दल पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सी.एस.आय.आर.चे महासंचालक होते. त्यांनी ते पेटंट लढवलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण कशाच्या जोरावर? ३२ लिखित संदर्भांच्या. आजी जखमेवर हळद लावायची एवढं सांगून भागत नव्हतं, ते कुठेतरी छापलेलं दाखवावं लागलं. तेव्हा हळद वाचली ती लिहिलेली होती म्हणून. काणींचं ज्ञान कुठे लिहिलेलं नव्हतं. आणि हळदीत कोणाला वाटा द्यायचा प्रश्नच आला नाही, ते पेटंट अडवायचं होतं, इतकंच. अडवणं आणि वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेपरात मुलं सर्रास घोळ घालतात म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

कायदा आला तो २००२ मध्ये, जैविक विविधता अधिनियम. त्याची रचना तीन मजली : चेन्नईत राष्ट्रीय प्राधिकरण, प्रत्येक राज्यात मंडळ (आपलं नागपूरला), आणि गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती. परदेशी माणसाला किंवा कंपनीला आधी राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते. देशी कंपन्यांनी राज्य मंडळाला कळवायचं. पण देशी कंपन्यांनी वाटाही द्यायचा का, यावर बराच वाद झाला. दिव्य फार्मसीच्या खटल्यात डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने सांगितलं की हो, द्यायचा. गावाच्या दृष्टीने नेणारा देशी काय नि परदेशी काय, पान गेलं ते गेलंच.

मग २०२३ ला कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. ग्रंथात नोंदलेल्या, म्हणजे संहिताबद्ध, पारंपरिक ज्ञानाला आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींना सवलत मिळाली. तुरुंगवासाची तरतूद जाऊन दंड आला. आयुर्वेदिक उद्योगाला दिलासा मिळाला हे खरं, आणि छोट्या वैद्यांना कागदपत्रांतून सोडवणं मलाही पटतं. पण जरा विचार करा. लिहिलेलं होतं म्हणून हळद वाचली. आणि आता लिहिलेलं आहे म्हणून वाटा नाही! म्हणजे वाटा उरला तो ग्रंथात नसलेल्या ज्ञानाचा, आणि तिथे ते ज्ञान कोणाचं हे सिद्ध करणं सर्वांत अवघड.

दरही पाहून घ्या. २०२५ च्या नव्या नियमावलीप्रमाणे वर्षाला ५ कोटींपर्यंत उलाढाल असेल तर काही द्यायचं नाही. ५ ते ५० कोटींना ०.२ टक्के, ५० ते २५० कोटींना ०.४ टक्के, त्यावर ०.६ टक्के. कायदा नसताना काणींना ठरलेला वाटा १ टक्का होता, हे पुन्हा एकदा आठवा.

याच कायद्याने आपल्याकडेही पैसे आले आहेत. २०२५ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने तीन ठिकाणच्या समित्यांना मिळून सुमारे १ कोटी ३६ लाख रुपये दिले, म्हणजे प्रत्येकी साडेपंचेचाळीस लाख. त्यातली दोन गावं महाराष्ट्रातली : फलटण तालुक्यातलं साखरवाडी आणि हवेली तालुक्यातलं कुंजीरवाडी. तिसरं ठिकाण उत्तर प्रदेशात. एका कंपनीने माती आणि कारखान्याच्या सांडपाण्यातून सूक्ष्मजीव घेतले, त्यांच्यापासून फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड नावाची उत्पादनं बनवली, त्याचा हा वाटा. सोलापूर रोडने जाताना कुंजीरवाडीची पाटी कितीदा तरी दिसते, पण तिथल्या मातीतल्या जंतूंची किंमत साडेपंचेचाळीस लाख असेल असं कोणाच्या मनात येतं? गावाला पैसे मिळाले याचा आनंदच आहे. पण तुलना केल्याशिवाय राहवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या झाड ओळखून, जपून, दुसऱ्याला दाखवणाऱ्या अख्ख्या जमातीला पाच लाख; आणि ज्या जंतूबद्दल गावात कोणाला काही माहीत असायचं कारणच नव्हतं त्याबद्दल एका गावाला पंचेचाळीस लाख. (तीस वर्षांची महागाई धरूनही हे गणित जुळत नाही.) सांडपाण्यात कोणाचा प्लाथी नसतो, आक्षेपाचं पत्र येत नाही. पत्ता ठरला की समिती ठरते, समिती ठरली की चेक निघतो. माणसांच्या डोक्यातल्या गोष्टीला असा पत्ता नसतो.

तो पत्ता लिहून ठेवायची सोयही कायद्यात आहे. प्रत्येक गावाने लोक जैवविविधता नोंदवही करायची : गावात कोणती झाडं, पिकं, जनावरं, मासे, आणि त्यांच्याबद्दल कोणाला काय माहीत. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेवर पुष्कळ वर्षं काम केलं. त्यांचा भर लोकांनी स्वतः बसून, चर्चा करून नोंदी करण्यावर होता. प्रत्यक्षात बरीच वर्षं काम रेंगाळलं. मग राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली, नाहीतर राज्यांना महिन्याला दहा लाखांचा भुर्दंड. झालं! जर्नल कंप्लीशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर जे होतं तेच देशभर झालं. समित्यांची संख्या अडीच लाखांच्या वर गेली.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन आमच्या गावची वही मागितली. ग्रामसेवक भाऊसाहेब चांगले माणूस, त्यांनी कपाट उघडून शोधून दिली. छान बाइंडिंग केलेली. झाडांची यादी लांबलचक होती, पण त्यात आमच्याकडे नसलेली दोन-चार झाडं होती आणि बांधावरचं सागरगोटं नव्हतं. पारंपरिक ज्ञानाच्या पानावर एकच शब्द : निरंक. आमच्या वरच्या आळीचे तात्या चाळीस वर्षं हाडं बसवतात, कसला तरी पाला वाटून बांधतात, शेजारच्या तालुक्यातून लोक येतात. मी म्हटलं, “भाऊसाहेब, तात्यांचं नाव नाही यात?” ते म्हणाले, “अरे, वही करायला आलेला पोरगा दोन दिवसांत सहा गावं करून गेला. तात्या त्या दिवशी लग्नाला गेले होते.”

संध्याकाळी तात्यांना सांगितलं. त्यांना काही फारसं वाईट वाटलं नाही. म्हणाले, “बरं झालं. लिहिलं असतं तर उद्या कोणी वाचलं असतं.” मी त्यांना वाटा, ट्रस्ट, टक्केवारी सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पाला आणायला जंगलात शिरू देतात का, ते सांग आधी.” काणींबद्दल मी त्यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं.

दरम्यान तंत्रज्ञान पुढे गेलं आहे. हा भाग कॉम्प्युटरवाल्यांसाठी. २०१९ मध्ये केरळच्या संशोधकांनी आरोग्यपच्चाच्या जीनोमचा मसुदा प्रसिद्ध केला. आता झाड अगस्त्यमलाईवर, आणि त्याची अक्षरं सर्व्हरवर. कोणालाही जंगलात न जाता, वाटाड्या न घेता त्यावर काम करता येतं. सगळे कायदे ‘वस्तू उचलून नेली’ या कल्पनेवर उभे. इथे कोणी काही उचललंच नाही! या डिजिटल सिक्वेन्सचा उल्लेख आपल्या २०२५ च्या नियमावलीत आला आहे. जगाच्या पातळीवर फेब्रुवारी २०२५ मध्ये काली फंड सुरू झाला. असा डेटा वापरून कमावणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा १ टक्का किंवा उत्पन्नाचा ०.१ टक्का त्यात घालावा, आणि निदान निम्मी रक्कम आदिवासी व स्थानिक समाजांकडे जावी अशी योजना आहे. ‘घालावा’ हा शब्द नीट वाचा, सक्ती नाही. आणि एकाच मोठ्या पेटीत सगळा पैसा आला की तो कुठल्या झाडाचा, कोणाच्या डोंगरातला, हे विचारायची सोयही तिथे उरत नाही. काहींना हा गुण वाटतो, कारण भांडण मिटतं. मला तो दोष वाटतो.

आता शेवटचं, प्रोजेक्टवाल्यांसाठी, कारण यंदाही आमच्या डिपार्टमेंटला निदान तीन ग्रुप पाल्याच्या अर्कावर काम करत आहेत, गंज रोखणारा द्राव वगैरे. आपल्यासारख्या भारतीय विद्यार्थ्याने नुसत्या अभ्यासासाठी पाला आणला तर राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागत नाही. पेटंट करायचं ठरलं तर, २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे, पेटंट मिळण्याआधी प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, आणि माल बाजारात आणताना मंजुरी. एम.एस.ला गेलेल्या सीनियरच्या लॅबसाठी वाळका पाला पाकिटात घालून पाठवायची घाई करू नका, त्या लॅबला आधी मंजुरी लागते. आणि रिपोर्टमध्ये ‘साहित्य व पद्धती’ लिहिताना पाला कुठल्या गावच्या शिवारातला आणि तो कोणी दाखवला, हे त्या माणसाला विचारून लिहा. नाव घालू का, असं विचारायचं. तो नको म्हणाला तर तसंही लिहिता येतं. आमच्या ग्रुपच्या रिपोर्टमध्ये त्या जागी सध्या ‘स्थानिक ग्रामस्थ’ असं आहे. गाइड सरांशी बोलून पुढच्या रिव्ह्यूआधी पुन्हा गावी जायचं ठरलं आहे.